गेमची कॅसेट, डिस्क आणि कार्ड: किती वर्षं टिकणार?



जुन्या वस्तू जपण्यावरच्या आपल्या गप्पांत आज जरा वेगळा विषय घेतोय. माझ्यासारखा साठी उलटलेला निवृत्त फौजी व्हिडिओ गेमवर बोलायला बसला म्हणून काहींना गंमत वाटेल. पण प्रश्न टिकाऊपणाचा आहे, आणि वस्तू गोदामात किती दिवस टिकते हे पाहण्यातच माझी बरीच नोकरी गेली. मी सिग्नल्समध्ये होतो. वायरलेस सेट, बॅटऱ्या, केबल आणि सुटे भाग राजस्थानच्या उन्हात कसे वागतात आणि आसामच्या पावसात कसे वागतात, ते जवळून पाहिलंय.

आज लोक जुन्या गेमसाठी हजारो रुपये मोजतात. जुलै २०२१ मध्ये अमेरिकेत ‘सुपर मारिओ ६४’ची एक सीलबंद प्रत लिलावात पंधरा लाख डॉलरच्या वर गेली. आपल्याकडे एवढी किंमत कुणी देत नाही, पण बंगळुरूच्या नॅशनल मार्केटमध्ये, एस. पी. रोडवर किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जुनी कन्सोल शोधत फिरणारी मुलं भरपूर आहेत. ती मला विचारतात, “सर, ही डिस्क अजून वीस वर्षांनी चालेल का?” त्याचं उत्तर नीट समजून घेऊ.

एक वस्तू, चार आयुष्यं

फौजेत आम्ही दोन शब्द वेगळे ठेवायचो. शेल्फ लाइफ म्हणजे वस्तू न वापरता गोदामात किती काळ चांगली राहते ते. सर्व्हिस लाइफ म्हणजे वापरायला काढल्यावर किती काळ काम देते ते. दोन्ही आकडे एकच असतील असं नाही.

गेमच्या बाबतीत याहून बारकाईनं पाहावं लागतं. तिथे चार आयुष्यं एकमेकांना बांधलेली असतात. पहिलं आत साठवलेल्या माहितीचं. दुसरं ती माहिती ज्या प्लास्टिकवर, धातूवर किंवा चिपवर आहे त्या वस्तूचं. तिसरं ती वाचणाऱ्या यंत्राचं. चौथं परवानगीचं, म्हणजे कंपनीचा सर्व्हर ‘चालव’ म्हणतो तोवरचं. चारपैकी एक जरी संपलं तरी गेम संपला. लोक फक्त दुसऱ्याची काळजी करतात, डिस्कवर ओरखडा पडू नये म्हणून जपतात, आणि बाकीची तीन विसरतात.

कॅसेट: ताम्रपट आणि रांजण

नव्वदच्या दशकात आपल्या घरांत टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम आले. सामुराई, मीडिया ही नावं अनेकांना आठवत असतील. त्यातले बहुतेक जपानच्या निंटेंडोच्या १९८३ च्या फॅमिकॉम यंत्राच्या धर्तीवर बनलेले होते. त्यात घालायच्या प्लास्टिकच्या ठोकळ्याला आपण ‘कॅसेट’ म्हणायचो. आत टेप नसायची, असायची एक छोटी सर्किटची पट्टी आणि तिच्यावर चिप.

अस्सल कॅसेटमध्ये जी चिप असते तिला मास्क रॉम म्हणतात. चिप कारखान्यात बनतानाच तिच्यातले शून्य आणि एक कायमचे कोरले जातात. ताम्रपटावर अक्षरं कोरावीत तसं. तांब्याचा पत्रा शाबूत आहे तोवर अक्षरं उडत नाहीत. म्हणून चाळीस वर्षांपूर्वीच्या अस्सल कॅसेट आजही चालतात आणि पुढची काही दशकं चालतील असं मानायला चांगला आधार आहे. सगळ्या प्रकारांत हा सर्वांत भक्कम.

नकली कॅसेट मात्र तपासून घ्याव्या लागतात. काहींच्या आत ईप्रॉम जातीची चिप असते. तिच्यात माहिती विजेच्या सूक्ष्म भाराच्या रूपात राहते. ताम्रपटाऐवजी पाणी भरून ठेवलेले लाखो रांजण डोळ्यांपुढे आणा. भरलेला रांजण म्हणजे एक खूण, रिकामा म्हणजे दुसरी. रांजण कितीही चांगला असला तरी थोडं थोडं पाझरतो. ईप्रॉमला वर काचेची खिडकी असते आणि तिच्यावर कागद चिकटवलेला असतो. तो कागद काढू नका. अतिनील किरण आत गेले की माहिती पुसली जाते, ती चिप पुसण्याची रीतच तशी आहे. दुसऱ्या स्वस्त कॅसेटमध्ये काळ्या डांबरासारखा एक थेंब दिसतो. त्या थेंबाखाली चिप थेट पट्टीवर बसवलेली असते. ती चालते तोवर चालते. बिघडली तर दुरुस्ती जवळजवळ नाही.

आता बॅटरी. बऱ्याच कॅसेटमध्ये खेळाची प्रगती साठवायला गोल नाण्यासारखा तीन व्होल्टचा सेल असतो. साधारण पंधरा-वीस वर्षांत तो संपतो. १९९९ च्या ‘पोकेमॉन गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’सारख्या कॅसेटमध्ये घड्याळही त्याच सेलवर चालतं, त्यामुळे तो लवकर संपतो. सेल संपला म्हणजे गेम मेला नाही, फक्त तुमची साठवलेली प्रगती गेली. नवा सेल डाग देऊन बसवता येतो. पण जुना काढल्याक्षणी साठवलेलं पुसलं जातं, म्हणून आधी ते विशेष रीडरनं संगणकावर उतरवून घ्या. लहानपणी मुलांनी रात्री जागून जिथवर मजल मारली होती, ती जागा त्या सेलमध्ये असते. आई-बापांनी जुनी कॅसेट विकण्याआधी किंवा दुरुस्तीला देण्याआधी मुलांना एकदा विचारावं.

आणि फुंकर! गेम चालला नाही की कॅसेट काढून आत फुंकर मारायची, हे देशभर चाललं. गेम सुरूही व्हायचा, पण फुंकरीमुळे नव्हे. कॅसेट काढून पुन्हा बसवल्यानं पिना नीट टेकायच्या. फुंकरीतून थुंकीची ओल मात्र पिनांवर जाते आणि कालांतरानं धातू गंजतो. निंटेंडोनंच फुंकर मारू नका असं सांगितलंय. पिना साफ करायच्या तर आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाची काडी आणि हलका हात, एवढं पुरे.

डिस्क: खालची बाजू जपता, वरची विसरता

१९९४ मध्ये सोनीचं पहिलं प्लेस्टेशन आलं आणि गेम सीडीवर गेले. प्लेस्टेशन २ बरोबर डीव्हीडी आली, प्लेस्टेशन ३ बरोबर ब्लू-रे.

सीडीची रचना लक्षात ठेवा. १.२ मिलिमीटर जाडीचं पारदर्शक पॉलिकार्बोनेट, त्यावर ॲल्युमिनिअमचा अतिशय पातळ थर, त्यावर लाखेचा पापुद्रा आणि त्यावर छापील चित्र. म्हणजे माहितीचा थर चित्राच्या लगेच खाली आहे. खालच्या चकचकीत बाजूला ओरखडा पडला तर बरेचदा पॉलिश करून निभावतं. चित्राच्या बाजूला खोल ओरखडा पडला तर माहितीच खरवडली जाते, त्याला औषध नाही. लोक मात्र डिस्क चित्र खाली करून टेबलावर ठेवतात!

डीव्हीडीत ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या मध्ये माहिती ठेवून एकमेकींना चिकटवलेल्या असतात. त्यामुळे वरून ओरखडा पडण्याची भीती कमी. पण डिंक कमजोर असला किंवा डबीतून काढताना डिस्क वाकवली तर चकत्या सुटू लागतात आणि हवा आत शिरते. म्हणून डबीच्या मधली कळ दाबा आणि मग डिस्क उचला, कडेला धरून ओढू नका. ब्लू-रेमध्ये माहिती खालच्या पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिलिमीटरवर असते. तिच्यावर कठीण लेप असतो, पण खोल ओरखडा मात्र तिथे जास्त महागात पडतो.

ॲल्युमिनिअम गंजलं की डिस्कला ‘रॉट’ लागला म्हणतात. दिव्यासमोर धरली की सुईच्या टोकाएवढी भोकं दिसतात किंवा कडेकडून डाग आत सरकताना दिसतो. सगळ्या डिस्कना हे होत नाही. बहुतेक वेळा दोष एखाद्या कारखान्याच्या ठराविक काळातल्या मालात असतो. इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्न इथल्या कारखान्यात १९८८ ते १९९३ च्या सुमाराला बनलेल्या अनेक संगीताच्या सीडी तपकिरी पडून खराब झाल्या. त्यांची लाख वेष्टणातल्या गंधकासमोर टिकली नाही. त्याच वर्षांतल्या इतर कारखान्यांच्या सीडी आजही वाजतात. म्हणून ‘सीडी इतकी वर्षं टिकते’ असा सरसकट आकडा कुणी सांगितला तर विचारा, कुठल्या कारखान्याची?

कारखान्यात दाबून बनवलेली डिस्क आणि संगणकावर ‘बर्न’ केलेली डिस्क यांत तर जमीन-अस्मानाचा फरक आहे. दाबलेल्या डिस्कमध्ये खाचा प्लास्टिकमध्येच उमटलेल्या असतात. बर्न केलेल्या डिस्कमध्ये रंगद्रव्याचा थर असतो आणि लेझर त्यावर डाग पाडतो. ऊन आणि उष्णता लागली की रंगद्रव्य फिकं पडतं, उन्हात वाळत घातलेल्या साडीसारखं. बाजारात पन्नास-शंभर रुपयांना मिळणाऱ्या प्लेस्टेशनच्या बऱ्याच डिस्क या जातीच्या होत्या.

आमच्या घरी याचा आपसूक प्रयोग झाला. मुलाच्या गेमची एक ट्रंक आमच्या बदल्यांबरोबर सिकंदराबाद, तेजपूर, जोधपूर असं फिरत शेवटी बंगळुरूला आली. त्यातल्या दाबून बनवलेल्या अस्सल डिस्क आजही लागतात. बर्न केलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक आता यंत्र ओळखतच नाही. ट्रंक एक, प्रवास एक, फरक फक्त डिस्कच्या जातीचा.

ओळखायचं कसं? बर्न केलेल्या डिस्कची खालची बाजू सहसा हिरवट, निळसर किंवा जांभळट दिसते. दाबलेली चंदेरी असते आणि तिच्या मधल्या कड्यावर कारखान्याचा क्रमांक असतो. अपवादही ध्यानात घ्या. पहिल्या प्लेस्टेशनच्या अस्सल डिस्क खालून काळ्या असतात, कारण प्लास्टिकच रंगवलेलं आहे आणि यंत्राचा अवरक्त लेझर त्यातून आरपार जातो. प्लेस्टेशन २ च्या सीडीवरच्या अस्सल गेमची खालची बाजू निळी असते.

आपली हवा

अमेरिकेच्या मानक संस्थेनं २००३ मध्ये डिस्क जपण्याबद्दल एक मार्गदर्शिका काढली. तिच्यात तापमान ४ ते २० अंश सेल्सिअस आणि आर्द्रता २० ते ५० टक्के असावी असं सांगितलंय. आता जुलैत रत्नागिरीत किंवा दादरमध्ये हे कुठून आणायचं? बंगळुरू समुद्रसपाटीपासून ९०० मीटरवर आहे म्हणून इथे उष्णता बेताची, पण पावसाळ्यात भिंतींना ओल येतेच.

ओल आली की बुरशी येते. दुर्बिणीच्या भिंगावर पसरलेली जाळी फौजेतल्या कुणालाही ओळखता येते. डिस्कही सुटत नाहीत. मध्य अमेरिकेतल्या बेलीझ या दमट देशातून आणलेल्या एका सीडीच्या आत बुरशी शिरून तिनं प्लास्टिक आणि ॲल्युमिनिअम खाल्ल्याचं माद्रिदच्या शास्त्रज्ञांनी २००१ मध्ये दाखवलं.

आपल्याला जमण्यासारखा उपाय एकच: हवा आदर्श नसली तरी स्थिर ठेवा. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, आत सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवा. वायरलेस सेटमध्ये आम्ही हेच करायचो. रंग बदलणारे दाणे मिळतात. निळे गुलाबी झाले किंवा नारिंगी हिरवे झाले की ओल शोषून भरले असं समजायचं आणि वेष्टणावर लिहिलंय तसं तापवून पुन्हा वापरायचे. डबा बाहेरच्या भिंतीला किंवा बाथरूमच्या भिंतीला लागून ठेवू नका. माळ्यावर पत्र्याखाली तर नकोच. फ्रिजमध्येही ठेवू नका, बाहेर काढताच दव साचतं.

आणखी एक घरगुती गोष्ट. कपाटात झुरळं नकोत म्हणून आपण डांबरगोळ्या टाकतो. त्यांच्या वाफेनं काही जातींचं प्लास्टिक मऊ आणि चिकट होतं. गेमच्या कपाटात त्या टाकू नका.

कार्ड, यंत्र आणि परवानगी

२०१७ च्या निंटेंडो स्विचचे गेम नखाएवढ्या कार्डावर येतात. दिसायला ती कॅसेटची नात, पण आतली रीत रांजणाची, म्हणजे विजेच्या भाराची. पाझर अतिशय मंद असतो, उष्णतेनं वाढतो. पार्किंगमध्ये उन्हात तापलेल्या गाडीत कार्डं सोडू नयेत ती यासाठी.

यंत्राचंही तसंच. लेझर मंद होतो, रबरी पट्टे सैल पडतात, कपॅसिटर फुगतात. कन्सोलच्या पोटातला नाण्याएवढा सेलही महत्त्वाचा. प्लेस्टेशन ४ मध्ये तो संपला आणि यंत्र इंटरनेटवरून सोनीच्या सर्व्हरला भेटू शकलं नाही, तर डिस्कवरचे गेमही अडतात असं आढळलं होतं. सोनीनं २०२१ च्या अपडेटमध्ये ते सुधारलं. डिस्क ठणठणीत, यंत्र ठणठणीत, आणि दहा-वीस रुपयांच्या सेलवर सगळं अडलेलं!

चौथं आयुष्य परवानगीचं, आणि तेच आज सर्वांत आधी संपतं. युबिसॉफ्टचा ‘द क्रू’ हा मोटारींचा गेम २०१४ मध्ये आला. ३१ मार्च २०२४ ला कंपनीनं सर्व्हर बंद केले. तो फक्त ऑनलाइन चालत असे. लोकांच्या कपाटात नवी कोरी डिस्क आहे आणि ती चहाच्या कपाखाली ठेवण्यापलीकडे कामाची नाही. २०२५ च्या स्विच २ साठी काही गेम ‘की कार्ड’वर येतात. कार्डात गेम नसतो, फक्त किल्ली असते. गेम डाउनलोड करावा लागतो. उद्या ते दुकान बंद झालं तर किल्ली हातात राहील, घर नाही.

म्हणून संग्रहासाठी नवा गेम घेताना एकच प्रश्न विचारा: इंटरनेट न जोडता, नुसत्या या डिस्कवरून किंवा कार्डावरून गेम शेवटपर्यंत खेळता येतो का? उत्तर ‘नाही’ असेल तर खेळायला खुशाल घ्या, जपायला म्हणून जास्त पैसे देऊ नका.

आपलं काय पणाला लागलंय?

जपानी-अमेरिकी गेम जपायला जगभर माणसं आहेत. तरी अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननं २०२३ मध्ये दाखवलं की २०१० पूर्वी तिथे निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात विकत मिळत नाहीत. मग आपल्या गेमचं काय?

बंगळुरूत ध्रुव इंटरॅक्टिव्ह ही गेम बनवणारी कंपनी १९९७ पासून होती. हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीजनं केलेला ‘हनुमान: बॉय वॉरियर’ २००९ मध्ये प्लेस्टेशन २ वर आला. पूर्णपणे भारतात बनलेला तो या यंत्रावरचा पहिला गेम. ‘देसी अड्डा’मध्ये कबड्डी आणि गिल्ली-दांडा होते. मुंबईच्या ट्राइन गेम्सनं २०११ मध्ये ‘रा.वन’चा गेम केला. हे गेम थोर होते असं माझं म्हणणं नाही. पण ते आपल्या मुलांनी, आपल्या देशात, पहिल्यांदा बनवलेले होते.

चित्रपटांच्या बाबतीत काय झालं ते आठवा. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ चा. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभं राहिलं १९६४ मध्ये. मधल्या पन्नास वर्षांत किती गेलं! ‘राजा हरिश्चंद्र’चा काही भागच उरला आणि ‘आलम आरा’ची एकही प्रत उरली नाही. पुस्तकांसाठी १९५४ चा कायदा आहे, प्रकाशकाला प्रती राष्ट्रीय ग्रंथालयाला द्याव्या लागतात. त्या कायद्यात पुस्तकं आणि वर्तमानपत्रं आहेत, गेम नाहीत. म्हणजे आज आपल्या गेमचं संग्रहालय कुठे असेल तर ते तुमच्यासारख्यांच्या कपाटात आहे.

स्टँडिंग ऑर्डर

दारूगोळ्याच्या गोदामात प्रत्येक गोळी उडवून पाहत नाहीत. प्रत्येक लॉटमधले काही नमुने ठराविक काळानं तपासतात. एक नमुना नापास झाला की त्या लॉटकडे वेगळ्या नजरेनं बघतात. आपणही तेच करायचं.

१. नोंदवही ठेवा. गेमचं नाव, विकत घेतल्याची तारीख, दाबलेली की बर्न केलेली, मधल्या कड्यावरचा क्रमांक, शेवटची तपासणी.

२. दर वर्षी पावसाळा संपल्यावर, दसऱ्याला शस्त्रपूजेच्या सुमाराला म्हणा हवं तर, दर दहातल्या दोन डिस्क काढा. दिव्यासमोर धरा, यंत्रात लावा. एखादी खराब निघाली तर त्याच कड्यावरच्या क्रमांकाच्या आणि त्याच काळातल्या बाकीच्या सगळ्या तपासा.

३. डिस्क उभ्या ठेवा, मूळ कडक डबीत. मऊ पीव्हीसीच्या पिशव्या वर्षानुवर्षं नकोत, त्या चिकटतात. डिस्कवर कागदी लेबल नको.

४. बॅटरीच्या कॅसेट वेगळ्या ठेवा, सेल बदलल्याची तारीख लिहा. यंत्रं दोन-तीन महिन्यांनी अर्धा तास चालवा.

५. सीलबंद गेम न उघडता ठेवायचा असेल तर तो कधीच न तपासलेला लॉट आहे हे समजून ठेवा. शक्यतो त्याच गेमची दुसरी, उघडी प्रत चालती ठेवा.

६. माहितीची प्रत काढा. आपल्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला नुकसानापासून बचाव म्हणून संगणक प्रोग्रामची बॅकअप प्रत काढू देतं. विकणं, वाटणं त्यात बसत नाही. हक्कभंगाच्या हेतूनं कुलूप तोडणं हा कलम ६५अ खाली गुन्हा आहे. काढलेली प्रत दोन वेगळ्या ड्राइव्हवर ठेवा, त्यातला एक दुसऱ्या घरी.

थोडक्यात सांगायचं तर मास्क रॉमची कॅसेट तुमच्या नातवंडांपर्यंत जाईल. चांगल्या कारखान्याची दाबलेली डिस्क, नीट ठेवली तर, अनेक दशकं साथ देईल. बर्न केलेल्या डिस्कवर आज रात्रीपलीकडे भरवसा ठेवू नका, तिच्यावरचं मोलाचं काही असेल तर आधी ते उतरवा. आणि सर्व्हरवर अवलंबून असलेला गेम कंपनीच्या मर्जीनं टिकेल.

तुमच्याकडे भारतात बनलेल्या एखाद्या गेमची डिस्क असेल, मग ती कितीही किरकोळ वाटो, तिची स्थिती आणि कड्यावरचा क्रमांक व्हिडिओखाली लिहा. हैदराबाद, नागपूर, इंदूर, बेळगाव, कुठूनही. कुणाकडे काय उरलंय याची यादी तरी होईल.

पुढच्या भागात जुन्या हार्ड डिस्कबद्दल बोलू. तोवर नमस्कार. जय हिंद.